सेमिनोल समाज आणि ब्राझीलमधील आदिवासी व किलोंबोला समाज: आर्थिक-सामाजिक स्थितीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही तुलना नेमकी कोणाची कोणाशी करायची?

सेमिनोल ही अमेरिकेतील एक जमात आहे, तर ब्राझील हा वीस कोटींहून अधिक लोकसंख्येचा देश आहे. त्यामुळे ‘सेमिनोल विरुद्ध ब्राझिली’ अशी सरसकट तुलना मांडली, तर हाती काहीच लागत नाही. ब्राझीलमध्ये सेमिनोलांशी तुलना होऊ शकेल असे दोन समाज आहेत. पहिला तिथल्या आदिवासींचा; २०२२ च्या जनगणनेत त्यांची संख्या १६ लाख ९३ हजार ५३५ नोंदली गेली. दुसरा किलोंबोलांचा, म्हणजे गुलामगिरीतून निसटून किंवा तिच्या सावलीतच स्वतंत्र वस्त्या उभारणाऱ्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांचा. त्यांची स्वतंत्र मोजणी २०२२ मध्ये इतिहासात पहिल्यांदाच झाली आणि ती १३ लाख २७ हजार ८०२ भरली. सेमिनोलांच्या इतिहासातही हे दोन्ही धागे एकत्र आहेत, कारण गुलामगिरीतून पळून आलेले आफ्रिकी लोकही या जमातीसोबत राहत आणि लढत होते. म्हणून ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. मात्र कोणता गट कोणत्या गटासमोर ठेवायचा, हे आधी ठरवावे लागते.

सेमिनोल दोन राज्यांत कसे विभागले गेले?

अठराव्या शतकात क्रीक आणि इतर समूहांतील लोक दक्षिणेकडे फ्लोरिडात उतरले आणि तिथे सेमिनोल ही वेगळी ओळख आकाराला आली. अमेरिकेच्या सरकारशी त्यांची तीन युद्धे झाली: १८१७-१८, १८३५-४२ आणि १८५५-५८. यांतले दुसरे युद्ध सर्वांत दीर्घ आणि सर्वांत महागडे होते. १८३० च्या स्थलांतर कायद्यानुसार या लोकांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवायचे होते. ओसिओला हा त्यांचा नेता पांढऱ्या निशाणाखाली वाटाघाटीला आला असताना १८३७ मध्ये पकडला गेला आणि पुढच्याच वर्षाच्या जानेवारीत कैदेत वारला. हजारो सेमिनोलांना आजच्या ओक्लाहोमात नेण्यात आले. जेमतेम काहीशे माणसे एव्हरग्लेड्सच्या दलदलीत टिकून राहिली. आजची फ्लोरिडा सेमिनोल जमात आणि तिच्यापासून वेगळी मान्यता घेतलेली मिकोसुकी जमात हे या टिकून राहिलेल्यांचेच वंशज आहेत. फ्लोरिडाच्या जमातीचे नोंदणीकृत सदस्य चार हजारांहून थोडे अधिक आहेत, तर ओक्लाहोमातील सेमिनोल राष्ट्राची सदस्यसंख्या त्याच्या चौपटीहून जास्त आहे. बातम्यांत ‘श्रीमंत सेमिनोल’ म्हणून झळकतात, ते यांतले छोटे, फ्लोरिडातले अंग.

फ्लोरिडातील सेमिनोलांकडे एवढा पैसा आला कुठून?

या प्रश्नाला ‘जुगारातून’ असे एका शब्दाचे उत्तर नेहमी दिले जाते. ते खोटे नाही, पण त्यातून मुख्य गोष्ट निसटते. जुगार कुणालाही सुरू करता येत नाही. या जमातीला तो सुरू करता आला, कारण तिच्याकडे स्वतःच्या जमिनीवर स्वतःचे नियम करण्याचा अधिकार होता आणि तो अधिकार तिने न्यायालयात लढून टिकवला.

१९५३ मध्ये अमेरिकी संसदेने काही जमातींशी असलेले विशेष संबंध संपुष्टात आणण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा त्या यादीत फ्लोरिडाच्या जमातींचेही नाव होते. ते संकट टाळण्यासाठी सेमिनोलांनी संघटित होऊन १९५७ मध्ये आपली राज्यघटना मंजूर करून घेतली आणि केंद्र सरकारची मान्यता मिळवली. त्याच वेळी त्यांनी दोन संस्था उभ्या केल्या: कारभार पाहणारी जमात परिषद आणि धंदा पाहणारे संचालक मंडळ. कारभार आणि व्यापार यांची ही वाटणी पुढे फार उपयोगी पडली. तोपर्यंतची त्यांची मिळकत म्हणजे गुरेपालन, शेतमजुरी, पर्यटकांना विकायच्या बाहुल्या आणि मगरींशी झुंजीचे खेळ.

१९७० च्या दशकात राज्याचा कर न लावता सिगारेट विकण्याची दुकाने आली. डिसेंबर १९७९ मध्ये फ्लोरिडातल्याच हॉलिवूड शहराजवळच्या, जमातीसाठी राखून ठेवलेल्या क्षेत्रात मोठ्या बक्षिसांचा बिंगो सुरू झाला. त्या काळी फ्लोरिडाच्या कायद्याने बिंगोचे दिवस आणि बक्षिसाची रक्कम दोन्ही मर्यादित केले होते. स्थानिक शेरीफने, म्हणजे परगण्याच्या पोलीस प्रमुखाने, अटकेचा इशारा देताच जमात न्यायालयात गेली. राज्यात बिंगोवर बंदी नसून फक्त नियमन आहे आणि असे नियमन जमातीच्या जमिनीवर लागू करता येत नाही, असा निकाल १९८१ मध्ये अपिली न्यायालयाने दिला. पुढे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील जमातींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच दिशा मान्य केली आणि १९८८ मध्ये संसदेने जमातींच्या जुगारासाठी देशभरचा कायदा केला. देशभरातील जमातींच्या कॅसिनोंची वाट या चार-दोन हजार माणसांच्या जमातीने आधी तुडवली होती, हे विसरता येत नाही.

२००७ मध्ये जमातीने हार्ड रॉक ही कॅफे आणि हॉटेलांची जगभर पसरलेली कंपनी ९६ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतली. २०१९ मध्ये हॉलिवूडला गिटारच्या आकाराचे भव्य हॉटेल उघडले. २०२१ च्या करारानुसार क्रीडा-सट्ट्यासह विस्तारित हक्कांच्या बदल्यात पहिल्या पाच वर्षांत राज्याला किमान अडीच अब्ज डॉलर देण्याचे जमातीने मान्य केले. ज्या राज्याने कधी तिला अटकेची भीती घातली, ते आज तिच्याकडून महसूल घेते.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. जमातीच्या राखीव क्षेत्रांपैकी बिग सायप्रस हजारो हेक्टरचे आहे, तर हॉलिवूडचे क्षेत्र जेमतेम पाचशे एकरांचे. पैसा कमावला तो मुख्यतः या छोट्या तुकड्याने आणि टॅम्पा शहरातल्या तुकड्याने, कारण मायामी, फोर्ट लॉडरडेल आणि टॅम्पाची गिऱ्हाईकं तिथून हाकेच्या अंतरावर आहेत.

हा नफा सदस्यांपर्यंत कसा पोचतो?

१९८८ च्या कायद्यानुसार कॅसिनोचा निव्वळ नफा ठराविक कामांवरच खर्च करता येतो: जमातीचा कारभार, सदस्यांचे कल्याण, आर्थिक विकास, धर्मादाय आणि आसपासच्या स्थानिक संस्थांना मदत. सदस्यांना थेट लाभांश द्यायचा असेल, तर वाटपाची योजना केंद्राकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि त्या लाभांशावर केंद्राचा प्राप्तिकर लागतो. फ्लोरिडाची जमात असा लाभांश नियमित देते. अल्पवयीन मुलांचा वाटा विश्वस्त निधीत साठवला जातो. त्याखेरीज आरोग्य, शिक्षण, घरे, वृद्धांची देखभाल, पोलीस आणि अग्निशमन यांचा खर्च जमात उचलते. सदस्यत्वासाठी किमान एक चतुर्थांश सेमिनोल रक्ताची अट आहे. लाभांश मोठा असला की ही अट घराघरांतला कळीचा प्रश्न होते. लग्न कोणाशी होते, यावर पुढच्या पिढीचा हक्क ठरू लागतो.

मग ओक्लाहोमातील सेमिनोल तितके सधन का नाहीत?

वंश तोच, जुन्या आठवणी त्याच आणि तरी परिस्थिती वेगळी. म्हणूनच मला ही तुलना सर्वांत बोलकी वाटते. ओक्लाहोमात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने जमातीची सामाईक जमीन मोडून ती व्यक्तींच्या नावे वाटून टाकली. माणशी सरासरी १२० एकरांचे तुकडे पडले. जमीन एकेकट्याच्या नावावर आल्यावर ती कर्जापोटी, फसवणुकीने आणि न्यायालयाने नेमलेल्या ‘पालकां’च्या संगनमताने भराभर बाहेरच्यांच्या हाती गेली. सेमिनोल परगण्यात १९२६ च्या सुमारास देशातला एक प्रचंड तेलसाठा उपसायला सुरुवात झाली, तोवर वाटून दिलेल्या जमिनीचा मोठा हिस्सा मूळ कुटुंबांकडे उरला नव्हता. वाटप झाले नसते तर त्या तेलाचा पैसा कुणाकडे गेला असता, हा प्रश्न आजही तिथे विचारला जातो. ओक्लाहोमाच्या सेमिनोलांचीही कॅसिनो आहेत, पण ती ग्रामीण भागात आहेत आणि त्या राज्यात डझनावारी जमाती त्याच धंद्यात उतरलेल्या आहेत.

अमेरिकेतील आदिवासींमधील दारिद्र्याचे प्रमाण आजही देशात सर्वाधिक असलेल्या गटांत मोडते. फ्लोरिडाची जमात हा त्यातला अपवाद आहे, सरासरी नव्हे.

ब्राझीलच्या आदिवासींकडे जमीन अफाट आहे, तरी ते गरीब का?

ब्राझीलच्या एकूण भूभागापैकी १३ टक्क्यांहून अधिक क्षेत्र आदिवासी प्रदेश म्हणून नोंदलेले आहे आणि त्याचा बहुतांश भाग ॲमेझॉनच्या खोऱ्यात येतो. १९८८ च्या राज्यघटनेतील कलम २३१ ने आदिवासींचा या जमिनीवरचा हक्क मूळचा, म्हणजे राज्यसंस्थेच्याही आधीचा मानला. ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र जमिनीची मालकी केंद्राची असून समाजाला तिचा कायमस्वरूपी वापर मिळतो. जमिनीखालची खनिजे केंद्राची. तिथे खाणकाम किंवा जलविद्युत प्रकल्प करायचा झाल्यास समाजाचे म्हणणे ऐकून संसदेने परवानगी द्यायची असते.

येथे वाचकाची एक गफलत होते. अमेरिकेतही राखीव जमिनीचा कागदोपत्री मालक केंद्र सरकारच असते. ते विश्वस्त म्हणून ती धारण करते. म्हणजे मालकीच्या रकान्यात दोन्ही देश सारखेच दिसतात. फरक पुढच्या रकान्यात आहे. अमेरिकी जमातीला त्या जमिनीवर स्वतःचे सरकार चालवता येते, स्वतःचे न्यायालय आणि पोलीस ठेवता येतात, बहुतेक राज्य-कायद्यांपासून ती मुक्त असते आणि भूगर्भातील संपत्तीचे उत्पन्नही सहसा तिच्याच खाती जाते. ब्राझीलने अशा जमातींशी राष्ट्र म्हणून तह केलेच नाहीत. १९१६ च्या नागरी संहितेने आदिवासींना अंशतः अक्षम ठरवून सरकारच्या पालकत्वाखाली ठेवले आणि ते पालकत्व १९८८ च्या राज्यघटनेपर्यंत चालू राहिले. जी माणसे काल-परवापर्यंत स्वतःच्या नावाने करार करायला ‘अपात्र’ होती, त्यांच्याकडून कंपन्या उभारण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

शिवाय ‘अफाट जमीन’ सगळ्यांकडे नाही. ॲमेझॉनमधील यानोमामी या आदिवासी समाजाचा प्रदेश सुमारे ९६ लाख हेक्टरांचा आहे. उलट माटो ग्रोसो दो सुल राज्यात दोउरादोस येथील राखीव क्षेत्रात साडेतीन हजारांच्या आसपास हेक्टरांत ग्वारानी, काइओवा आणि तेरेना मिळून तेरा हजारांवर माणसे दाटीवाटीने राहतात आणि सभोवार सोयाबीन व मक्याची शेते पसरलेली आहेत. सर्व आदिवासींपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के, लोक आता शहरांत राहतात, जिथे हा जमिनीचा हक्क त्यांच्या रोजच्या जगण्याला फारसा पुरत नाही.

आणि जी जमीन नोंदलेली आहे, तीही सुरक्षित नाही. १९८८ च्या ५ ऑक्टोबरला, म्हणजे राज्यघटना लागू झाली त्या दिवशी, जमीन प्रत्यक्ष ताब्यात असेल तरच हक्क मानायचा, असा युक्तिवाद मोठे शेतमालक वर्षानुवर्षे करीत आले. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्याच वर्षी संसदेने तोच निकष कायद्यात घातला आणि राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डिसेंबरात धुडकावून लावला. ज्यांना बंदुकीच्या धाकाने त्या तारखेआधीच हुसकले होते, त्यांना ‘तुम्ही तेव्हा तिथे नव्हता’ असे सांगणे हा क्रूरपणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

किलोंबोला समाजाची जमिनीची स्थिती काय आहे?

ब्राझीलने गुलामगिरी १३ मे १८८८ रोजी रद्द केली. अमेरिका खंडांतील देशांमध्ये सर्वांत शेवटी. मुक्त झालेल्यांना जमीन, भरपाई, शाळा यांपैकी काहीही दिले नाही. किलोंबो वस्त्या त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध पाल्मारेस. त्याचा नेता झुंबी २० नोव्हेंबर १६९५ रोजी मारला गेला आणि ती तारीख आता राष्ट्रीय सुट्टी आहे.

या वस्त्यांना जमिनीचे पट्टे द्यावेत, असे १९८८ च्या राज्यघटनेच्या संक्रमणकालीन तरतुदींत लिहिले गेले. प्रत्यक्ष कार्यपद्धती २००३ च्या आदेशाने ठरली. तिला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळले. मार्ग असा आहे: समाजाने स्वतःची ओळख जाहीर करायची, पाल्मारेस प्रतिष्ठान या सरकारी संस्थेने दाखला द्यायचा, मग भूसुधारणा संस्थेने इतिहास व मानववंशशास्त्राचा अहवाल तयार करायचा, हरकती ऐकायच्या, खासगी मालक असतील तर त्यांना मोबदला देऊन उठवायचे आणि शेवटी संपूर्ण समाजाच्या संघटनेच्या नावे, कधीही न विकता येणारा सामाईक पट्टा द्यायचा. दाखला मिळालेल्या वस्त्या तीन हजारांहून अधिक आहेत. पट्टा मिळालेल्या प्रदेशात राहणारे किलोंबोला मात्र २०२२ च्या जनगणनेनुसार फक्त ४.३ टक्के आहेत. दाखल्यापासून पट्ट्यापर्यंत एखादी पिढी सरते.

वाट पाहण्याची किंमत कधी जिवानेही मोजावी लागते. बाहिया राज्यातील पितांगा दोस पाल्मारेस या किलोंबोच्या नेत्या बेर्नादेते पासिफिको यांची ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्याच घरी गोळ्या घालून हत्या झाली.

मारान्याँव राज्यातील आल्कांताराचे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे. विषुववृत्ताजवळची जागा अग्निबाणांना सोयीची म्हणून तिथे १९८० च्या दशकात प्रक्षेपण केंद्र उभारले गेले आणि ३१२ किलोंबोला कुटुंबांना समुद्रकाठावरून आतल्या नियोजित वस्त्यांत नेऊन बसवले गेले. पोट मासेमारीवर असलेल्या माणसांना किनाऱ्यापासून दूर, छोट्या शेततुकड्यावर ठेवले, की उपजीविका कागदावर चालू राहते आणि घरात बंद पडते. हा वाद अखेर आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला आणि त्या न्यायालयाने ब्राझीलला जबाबदार धरले.

काळे सेमिनोल आणि किलोंबोला यांची स्थिती सारखी आहे का?

मूळ सारखे आहे, मार्ग वेगळे झाले. जॉर्जिया आणि कॅरोलिनाच्या मळ्यांतून पळालेले लोक फ्लोरिडात सेमिनोलांच्या शेजारी स्वतःची गावे वसवून राहिले. ते धान्याचा वाटा देत, शस्त्र बाळगत आणि युद्धात बरोबरीने लढत. ओक्लाहोमात गेल्यावर तिथे गुलाम-व्यापाऱ्यांचा धोका वाढला, तेव्हा जॉन हॉर्स यांच्या नेतृत्वाखाली काही जण १८५० च्या सुमारास मेक्सिकोच्या कोआविला प्रांतात निघून गेले. उरलेल्यांना १८६६ च्या तहाने सेमिनोल राष्ट्रात समान हक्क मिळाले. आजही त्या राष्ट्राच्या चौदा घटकांपैकी दोन या ‘फ्रीडमेनां’चे, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या मुक्त लोकांचे, आहेत.

व्यवहारात मात्र समान हक्क उरले नाहीत. फ्लोरिडातील हिरावलेल्या जमिनीसाठी १९७६ मध्ये सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. ती १८२३ मध्ये फ्लोरिडात असलेल्या सेमिनोल राष्ट्राच्या वंशजांसाठी आहे आणि फ्रीडमेन तर १८६६ मध्ये सदस्य झाले, असे म्हणून त्यांना तिच्यातून वगळण्यात आले. २००० मध्ये सदस्यत्वाच्या अटी बदलून त्यांना राष्ट्राबाहेर काढण्याचा प्रयत्न झाला. केंद्र सरकारने तो मान्य केला नाही. ओक्लाहोमातील वेवोका येथील आरोग्य केंद्रात त्यांना उपचार मिळतील, अशी घोषणा केंद्राच्या आदिवासी आरोग्य सेवेने केली ती २०२१ मध्ये.

किलोंबोलांना मान्यता देताना ब्राझीलने रक्ताचे प्रमाण विचारले नाही. समाजाने स्वतःला काय म्हणावे, हे त्या समाजावर सोडले. या एका बाबतीत ब्राझीलचा कायदा अधिक न्याय्य आहे, असे मला निःसंशय वाटते. त्याचे दुबळेपण अंमलबजावणीत आहे.

शिक्षण आणि भाषेच्या बाबतीत काय चित्र दिसते?

२०२२ मध्ये ब्राझीलमधील १५ वर्षांवरील लोकांत साक्षरता सुमारे ९३ टक्के होती. आदिवासींत ती सुमारे ८५ आणि किलोंबोलांत ८१ टक्के होती. वरच्या टोकाला २०१२ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांतील निम्म्या जागा सरकारी शाळांतून आलेल्यांसाठी ठेवल्या आणि त्यांत कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय व आदिवासींचा वाटा ठरवला. २०२३ मध्ये किलोंबोलांचाही समावेश झाला.

फ्लोरिडात वंशभेदाच्या काळात शाळा गोऱ्यांच्या किंवा काळ्यांच्या असत. सेमिनोल मुलांना दोन्हींकडे जागा नव्हती. बेटी मे जंपर यांना शिकण्यासाठी उत्तर कॅरोलिनातील निवासी शाळेत जावे लागले. १९४५ मध्ये त्या माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्या फ्लोरिडातील पहिल्या सेमिनोलांपैकी एक ठरल्या, नंतर परिचारिका झाल्या आणि १९६७ मध्ये जमातीच्या पहिल्या महिला अध्यक्षा. आज शिक्षणाचा खर्च जमात उचलते आणि ब्रायटन या राखीव क्षेत्रात २००७ पासून तिची स्वतःची शाळा आहे, जिथे क्रीक भाषा शिकवली जाते. तरीही मिकोसुकी आणि क्रीक या दोन्ही भाषा घरात बोलणारी मुले कमी होत चालली आहेत. पैशाने शिक्षक नेमता येतात. आजीशी होणारे बोलणे विकत आणता येत नाही.

ब्राझीलमध्ये २०१० च्या जनगणनेत २७४ आदिवासी भाषा नोंदल्या गेल्या. ॲमेझॉनमधील साओ गाब्रिएल दा काशोएरा या नगरपालिकेने २००२ मध्ये न्हेंगातू, तुकानो आणि बानिवा या तिन्ही भाषांना पोर्तुगीजच्या जोडीने अधिकृत दर्जा दिला. भाषांच्या जिवंतपणात गरीब बाजू श्रीमंत बाजूच्या पुढे आहे.

आरोग्याची तुलना कशी करावी?

येथे सरासरी आकड्यांपेक्षा रोगांचे स्वरूप पाहणे योग्य. सेमिनोलांचे आणि अमेरिकेतील बहुतेक जमातींचे मोठे दुखणे मधुमेह आणि त्यातून येणारे विकार हे आहे. उपचाराचा पैसा आहे, दवाखाने आहेत. प्रश्न आहार, बैठे जीवन आणि व्यसन यांचा आहे.

ब्राझीलमध्ये सार्वत्रिक मोफत आरोग्यसेवा आहे आणि आदिवासींसाठी तिच्या अंतर्गत ३४ विशेष आरोग्य-जिल्हे आहेत. आराखडा म्हणून ही व्यवस्था उत्तम आहे. जानेवारी २०२३ मध्ये यानोमामी प्रदेशात आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली, तेव्हा तिथे सुमारे वीस हजार बेकायदा सोनेशोधक शिरले असल्याचा अंदाज होता. त्यांनी खणलेल्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्याने हिवताप पसरला, सोने वेगळे करायच्या पाऱ्याने नद्यांतले मासे विषारी झाले, शिकार दूर पळाली आणि आजारी आईबापांना शेत लावता आले नाही. बरगड्या मोजता येतील अशा मुलांची छायाचित्रे जगाने पाहिली. भूक तिथल्या जंगलात नव्हती. ती बाहेरून आणली गेली.

लाभांश आणि ब्राझीलची सरकारी रोख मदत यांत काय फरक आहे?

लाभांश हा सदस्याचा हक्काचा वाटा असतो. बोल्सा फामिलिया ही २००३ मध्ये सुरू झालेली ब्राझीलची योजना गरजू कुटुंबाला, मुलांची शाळेतील हजेरी आणि लसीकरण या अटींवर दिलेली मदत आहे. या योजनेने देशातील दारिद्र्य कमी करण्यात मोठा हातभार लावला, यात वाद नाही. दूरच्या आदिवासी गावांत मात्र ती पोचवण्याचा खर्चच तिला खाऊन टाकतो. ॲमेझॉन खोऱ्यातील रिओ नेग्रो नदीच्या वरच्या अंगाला कुटुंबे कित्येक दिवस होडी वल्हवत पैसे काढायला शहरात येतात, नदीकाठी ताडपत्रीखाली मुक्काम करतात, इंधन आणि तांदूळ उधारीवर घेतात आणि उधारी फिटेपर्यंत दुकानदार त्यांचे बँक-कार्ड, कधी कधी गुप्त क्रमांकासकट, स्वतःकडे ठेवून घेतो. योजना साओ पावलोतील कुटुंबाचे बिऱ्हाड डोळ्यांसमोर ठेवून आखली गेली होती, हे अशा वेळी उघड होते.

हस्तकलेतून खरोखर उत्पन्न मिळते का?

मिळते, पण बेताचे. सेमिनोल स्त्रियांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाताने फिरवायच्या शिवणयंत्रांवर रंगीत पट्ट्या जोडून कापड तयार करण्याची कला घडवली. पर्यटक शिबिरांच्या काळात घरखर्चाला तिचा आधार होता. आज ती मुख्यतः ओळख आणि अभिमान म्हणून टिकून आहे.

ब्राझीलच्या तोकांतिन्स राज्यात जालापाँव भागातील मुम्बुका या किलोंबोत सोनेरी गवताच्या वस्तू बनतात. गवताच्या काड्यांची गुंडाळी करीत बुरिती माडाच्या धाग्याने ती शिवायची. बी झडून पुढच्या वर्षीचे गवत उगवावे म्हणून २० सप्टेंबरपूर्वी कापणी करायला राज्याच्या नियमाने मनाई आहे. मुम्बुकात आजही हे उत्पन्न संसाराला लागते आणि ते बहुतांशी बायकांच्या हाती येते.

राजकीय प्रतिनिधित्व कुणाला अधिक आहे?

ब्राझीलच्या आदिवासींना राष्ट्रीय राजकारणात, सेमिनोलांना स्वतःच्या घरात. ब्राझीलमध्ये २०२३ मध्ये आदिवासी व्यवहारांचे स्वतंत्र मंत्रालय निघाले आणि सोनिया ग्वाजाजारा त्याच्या मंत्री झाल्या. आदिवासींचे प्रश्न हाताळणाऱ्या जुन्या सरकारी संस्थेची धुरा पहिल्यांदाच एका आदिवासी स्त्रीकडे, जोएनिया वापिशाना यांच्याकडे आली. चार हजारांची फ्लोरिडा जमात मतपेटीतून वॉशिंग्टनला हलवू शकत नाही. ती वकील, करार आणि निधी यांच्या बळावर बोलते.

फ्लोरिडात स्थायिक झालेल्या ब्राझिली लोकांचा या तुलनेत समावेश करावा का?

करू नये. ब्रॉवर्ड परगण्यात सेमिनोलांच्या हॉलिवूड क्षेत्रापासून जवळच पोम्पानो बीच आणि डियरफील्ड बीच येथे मोठी ब्राझिली वस्ती आहे, म्हणून ही गल्लत होते. ते स्थलांतरित आहेत. त्यांचे प्रश्न व्हिसा, रोजगार आणि इंग्रजी यांचे आहेत. सामाईक जमीन आणि सामूहिक हक्क हा या तुलनेचा कणा त्यांना लागू पडत नाही.

ब्राझीलने कॅसिनोंना परवानगी दिली, तर तिथले समाज सेमिनोलांसारखे सधन होतील का?

ब्राझीलमध्ये कॅसिनोंवर १९४६ पासून बंदी आहे. ती उठली, तरी परवाना कोणाला मिळेल हे केंद्र ठरवील आणि ज्याच्याकडे भांडवल व समुद्रकाठची शहरी जागा आहे, तोच पुढे जाईल. आदिवासी प्रदेशाला वेगळी करसत्ता नाही आणि बहुतेक प्रदेश गिऱ्हाइकांपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. तेव्हा सेमिनोलांचा धंदा उचलून नेण्यात अर्थ नाही. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट आहे ती स्वतःच्या जमिनीवरचे निर्णय स्वतः घेण्याचा हक्क.

त्या दिशेने ब्राझीलमध्ये एक सरकारी साधन हाताशी आहे. २००९ च्या कायद्याने शालेय भोजनासाठी केंद्राकडून येणाऱ्या निधीतील किमान ३० टक्के (२०२६ पासून ४५ टक्के) रक्कम कौटुंबिक शेतीच्या मालावर खर्च करणे बंधनकारक केले आणि खरेदीत आदिवासी, किलोंबोला व भूसुधारणेतील वसाहतींना प्राधान्य दिले. साओ पावलो राज्यातील रिबेइरा खोऱ्यातले किलोंबो आपली केळी आणि इतर शेतमाल या मार्गाने शाळांना विकतात. त्यांची फिरती शेतीपद्धती २०१८ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदली गेली. मात्र त्याच शेतीसाठी जंगलाचा लहानसा तुकडा तोडून जाळायचा, तर पर्यावरण खात्याचा परवाना लागतो आणि तो पेरणीचा हंगाम उलटल्यावर हाती पडतो, अशी तिथल्या शेतकऱ्यांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. एक खाते त्यांच्या शेतीला वारसा म्हणते, दुसरे तिचे पीक विकत घ्यायला तयार आहे आणि तिसऱ्याच्या टेबलावर ती पेरायची परवानगी अडून राहते.